अर्धी माफ, अर्धी उधार: कॉलेजच्या फीचा हिशेब खिडकीमागून

"मॅडम, आमची फी माफ हाय न्हवं?"

कोल्हापूरजवळच्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं बसले आणि सव्वीस वर्षं हाच प्रश्न ऐकला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी जून उजाडला की मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात फायली घेऊन माणसं येतातच. चहा होतो, फाइल उघडते आणि पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

माफ असं काही होत नसतं. फीचा एक वाटा सरकार भरणार असतं, पण ते सावकाश भरतं. दुसरा वाटा तुमचा असतो आणि तो मात्र आत्ता मागतात. प्रवेश जुलै-ऑगस्टात. सरकारचा पैसा कधी फेब्रुवारीत, कधी पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात मोठी रक्कम दिसते ती ऊस तुटून बिल जमा झाल्यावर. या तिन्ही तारखांची गाठ पडत नाही, सगळं दुखणं तिथं आहे. फी भरायची तयारी म्हणजे या तारखा एकमेकींशी जुळवून घ्यायची तयारी.

सुरुवात फीच्या तक्त्यापासून करा. "एकूण किती?" एवढंच विचारून परत फिरू नका, बाबवार तक्ता मागा. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि मंजूर आकडा त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावानिशी सापडतो. तो आकडा आणि हातातला तक्ता शेजारी ठेवून बघा. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी मागता येत नाही. आणि पावतीशिवाय पैसे मागितले तर ती फी नव्हे. देणगीबंदीचा कायदा आपल्या राज्यात १९८७ पासून आहे.

आता हिशेब. आकडे मी समजुतीपुरते घेते. शिक्षण शुल्क ९०,०००, विकास शुल्क ९,०००, परीक्षा शुल्क ४,००० आणि अनामत ५,०००. एकूण १,०८,०००. मुलगा खुल्या प्रवर्गातला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागते, जिला गावाकडं अजून 'ईबीसी'च म्हणतात. ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काच्या निम्मी. म्हणजे सरकारचे ४७,००० आणि तुमचे ६१,०००. लोक काय करतात, १,०८,०००चे निम्मे ५४,००० घेऊन येतात आणि सात हजारांसाठी खिडकीवर तोंड कोरडं पडतं. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस यातलं काहीही शिष्यवृत्तीत बसत नाही. हे एक वाक्य दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुलींचं गणित २०२४-२५ पासून बदललं. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण सरकार भरतं. वरच्याच तक्त्यात त्या मुलीचे घरचे फक्त १४,००० भरतील. पण यात दोन खाचा आहेत. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा; मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला हे लागू नाही. आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. "दोन पावलांवरचं कॉलेज मिळालं" म्हणून कोट्यातून जागा घेतलेल्या एका मुलीच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बाई टेबलाला धरून तशीच खाली बसली. कॅपच्या पुढच्या फेरीला चार दिवस थांबली असती, तर वर्षाचे नव्वद हजार वाचले असते. प्रवेश घेण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यात निर्वाह भत्ताही असतो. त्यापुढं उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार वेगळी. नोंदणीकृत मजुराच्या किंवा अल्पभूधारकाच्या मुलासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे आणि तो शाहू शिष्यवृत्तीच्या जोडीनं घेता येतो. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं, कारण फॉर्म भरणारा कॅफेवाला एकच योजना निवडून मोकळा होतो. शाहू शिष्यवृत्ती एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळते, हेही लक्षात असू द्या. तिसऱ्याच्या वेळी महाडीबीटी हे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल गप्प राहतं आणि मिळणार नाही हे कॉलेजचा माणूस सांगतो.

राहण्याचा खर्च निघाला म्हणून जरा आडवाटेनं बोलते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली पहिलं बोर्डिंग उभं केलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली. दसरा चौकात उभं राहून नजर फिरवली तर आजही त्यांच्या पाट्या दिसतात. रयतवाले भाऊराव पाटीलही शिकायला इथं जैन बोर्डिंगातच राहिले होते. शिवाजी विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना त्याच परंपरेतली. पोर्टलवरचा फॉर्म भरायच्या नादात लोक बोर्डिंगचा फॉर्म विसरतात. खोलीभाडं आणि मेस मिळून वर्षाला जे जातं, ते कित्येकदा तुमच्या वाट्याच्या फीपेक्षा जास्त असतं.

कागदपत्रांबद्दल फार लांबण लावत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रांतांच्या सहीचं, रेशनकार्ड, दहावी-बारावीची गुणपत्रकं, कॅपचं अलॉटमेंट लेटर, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून नवा एप्रिल-मेमध्ये काढा. जुलैत सेतूत जाल तर रांग पार रस्त्यावर आलेली असते आणि तलाठी नेमके पंचनाम्याला गेलेले असतात. पुराचं साल असलं तर विचारूच नका.

अर्ज महाडीबीटीवर करायचा, आणि दरवर्षी करायचा. पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. नूतनीकरण तुम्हीच भरायचं. नापास होऊन तेच वर्ष पुन्हा करावं लागलं तर त्या वर्षाचे पैसे मिळत नाहीत, एटीकेटीवर पुढं गेलात तर भरा. अर्ज दाबला की तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडं येतो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून विभागाकडं. इंजिनिअरिंगचे अर्ज तंत्रशिक्षणच्या पुणे विभागीय कार्यालयाकडं जातात, बीए-बीकॉम-बीएस्सीचे राजाराम कॉलेजच्या आवारातल्या उच्च शिक्षण सहसंचालकांकडं आणि समाजकल्याणचे विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात. अडलेल्या अर्जाची चौकशी करायला चुकीच्या ऑफिसात तीन-तीन हेलपाटे घातलेली माणसं मी बघितलीत.

आणि 'सेंड बॅक'. कागद अस्पष्ट असला, नाव जुळलं नाही, की अर्ज तुमच्याकडं परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तिथंच पडून राहतो. फोनवर मेसेज येईल या भरवशावर बसू नका. मेसेज गेला असतो तो कॅफेवाल्याच्या नंबरवर, कारण फॉर्म भरताना त्यानं स्वतःचाच टाकलेला असतो. दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. माझ्या टेबलावर निम्मा वेळ पासवर्ड आठवण्यात जायचा.

बँक खात्याचं मात्र नीट ऐका, कारण मंजूर झालेला पैसा इथंच गडप होतो. शिष्यवृत्ती तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधारशी शेवटचं जे खातं जोडलेलं असेल, त्यात जाते. राधानगरीकडची एक मुलगी होती. मंजुरी दिसत होती, पैसे गेल्याचंही दिसत होतं, पासबुक कोरडं. दोन महिने ती, तिचे वडील आणि मी शोधत होतो. शेवटी निघालं काय, तर गावात सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा लावून एका कंपनीच्या पेमेंट्स बँकेत तिचं खातं उघडून टाकलं होतं, आणि आधार तिकडं जोडलं गेलं होतं. पैसे सुखरूप होते, पण तोवर सहामाही परीक्षा होऊन गेली. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधारशी कोणतं खातं जोडलंय ते, बघता येतं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ते बघा. पतसंस्थेतलं खातं याला चालत नाही. बँकेचंच लागतं, आणि मुलाच्या स्वतःच्या नावावरचं.

आता हप्त्यांकडं येऊ. यात दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. सरकारच्या वाट्याची रक्कम पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी मागू नये, अशा सूचना शासन कॉलेजांना वारंवार देतं. त्या वाट्यासाठी कॉलेजनं थांबणं हा तुमच्यावर उपकार नाही. "साहेब, शिष्यवृत्तीची रक्कम सोडून उरलेली सांगा" असं सरळ म्हणायचं. तुमच्या स्वतःच्या वाट्याचे हप्ते मात्र कॉलेजच्या मर्जीवर असतात. देतात बहुतेक ठिकाणी, दोन किंवा तीन, पण मागावे लागतात. आणि तोंडी मागून चालत नाही. तोंडी "बघू की" म्हणणारा माणूस सप्टेंबरमध्ये दुसऱ्या टेबलावर बदललेला असतो.

अर्ज असा लिहा:

"मा. प्राचार्य यांस, माझा मुलगा अमुक, प्रथम वर्ष, तमुक शाखा, कॅपमधून प्रवेश. एकूण शुल्क रु. १,०८,०००. पैकी शाहू शिष्यवृत्तीची अपेक्षित रक्कम रु. ४७,०००, अर्ज क्रमांक सोबत. माझ्या वाट्याचे रु. ६१,०००. पैकी रु. २५,००० आज भरत आहे. रु. ११,००० दुधाच्या बिलातून ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि रु. २५,००० ऊसबिलातून ३१ जानेवारीपर्यंत भरेन. विलंब शुल्क आकारू नये ही विनंती. सोबत मागील हंगामाच्या ऊसबिलाची प्रत जोडली आहे."

आमच्या प्राचार्यांपुढं रोज पंधरा अर्ज यायचे. "परिस्थिती हलाखीची आहे, कृपा करून सवलत द्यावी" असले अर्ज खाली जायचे. तारीख, रक्कम आणि पैसा कुठून येणार हे लिहिलेला अर्ज उभ्याउभ्या सही होऊन परत यायचा. साहेबांना हळहळ नको असते, वहीत लिहायला तारीख हवी असते. अर्जाच्या दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ती फायलीत पुढचं वर्ष लागेपर्यंत जपा.

तारखा लिहिताना हात आखडता ठेवा. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यावर छोटा हप्ता बेतता येतो. ऊसबिलाचं तसं नाही. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं उसाचे पैसे, मिळायला हवी, पण आपण कोल्हापूरकर आहोत. जयसिंगपूरची ऊस परिषद व्हायची, दराचा तिढा सुटायचा, मग कोयता लागायचा, मग तुमच्या फडाची पाळी. तोड डिसेंबरात धरली असेल तर हप्ता जानेवारीअखेर लिहा. इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या कामगारांना मी उलटं सांगायचे: पगार आठवड्याला होतो ना, मग महिन्याला चार-पाच हजारांचेच लहान हप्ते मागा, एकदम पंचवीस हजार तुमच्या हातात कधीच राहणार नाहीत.

कॉलेज पुढच्या तारखेचे चेक मागेल. देताना शंभरदा विचार करा. कागलकडच्या एका पालकानं १५ डिसेंबरचा चेक दिला, बिल जानेवारीत आलं, चेक परत. चेक न वटणं हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. आमच्याकडं तो विषय बोलण्यावर मिटला, पण त्या माणसाची वकिलाच्या नोटिशीच्या भीतीनं आठ दिवस झोप उडाली होती. चेक दिलाच असेल आणि पैसे येणार नाहीत असं दिसलं, तर तारखेच्या आधी लेखी पत्र देऊन तो बदलून घ्या.

हमीपत्रावर सही घेतात, ते वाचा. "शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास पूर्ण शुल्क भरेन" हे वाक्य त्यात असतंच आणि ते रास्तही आहे. पण "मंजुरीस विलंब झाल्यास" असं कुठं घुसडलेलं असेल तर बोट ठेवून विचारा. उशीर सरकारचा आणि दंड तुम्हाला, असं का? एका ठिकाणी हे वाक्य मी स्वतः पेनानं खोडून दिलं होतं. त्यावरून मला बोलणी बसली, ती गोष्ट वेगळी.

तरीही पैसे कमी पडले तर? गावात टक्क्यानं पैसे देणारा तयारच असतो. महिना पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. वर्षाचे साठ टक्के झाले. त्यापेक्षा बँकेत सोनंतारण करा आणि ऊसबिलात सोडवा. चार महिन्यांची खिंड लढवायला ते पुरतं.

मोठी रक्कम असेल तर शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी योजना असल्यानं तारण लागत नाही. शाखेत "जमीन गहाण द्या" म्हणाले तर हे सांगा. पालक सहकर्जदार म्हणून सही करतात. कॉलेजकडून बोनाफाइड आणि चारही वर्षांचा फीचा तक्ता घ्या, बँक दरवर्षी थेट कॉलेजला रक्कम पाठवते. परतफेड शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षानं सुरू होते.

हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. वर्षाला एक लाख याप्रमाणे चार वर्षं कर्ज घेतलं, दर समजा दहा टक्के आणि सरळव्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,०००, चौथ्यावर २०,०००. पहिला हप्ता भरायच्या दिवशी चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. म्हणून जमेल तसं महिन्याचं व्याज शिकतानाच भरत चला. तसं केल्यास बऱ्याच बँका दरात सूटही देतात. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्याज अनुदानाबद्दल शाखेत विचारा. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत, पण ठरावीक मानांकित संस्थांसाठीच. आपलं कॉलेज यादीत आहे का, हे आधी बघा.

पैसा आल्यावरही काम संपत नाही. काही योजनांत रक्कम कॉलेजच्या खात्यात जाते, काहींत मुलाच्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. एका पोरानं आलेले पैसे वडिलांच्या ऑपरेशनला लावले. मला येऊन खरं सांगितलं, रडला. आम्ही त्याला सहा हप्ते पाडून दिले आणि त्यानं ते फेडले. लपवणाऱ्यांचं मात्र परीक्षेच्या तोंडावर अवघड होतं. उलट, तुम्ही आधीच पूर्ण फी भरली असेल आणि शिष्यवृत्ती नंतर कॉलेजच्या खात्यात आली, तर ती रक्कम तुमची आहे. पावत्यांच्या प्रती जोडून लेखी मागा.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर तारीख बघून करा. कॅपच्या ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केला तर १,००० रुपये वजा होऊन बाकी परत मिळतात, नंतर फार थोडं हाती लागतं. आणि फी थकली म्हणून मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत. यूजीसीनं २०१८ सालीच तसं बजावलं आहे.

शेवटच्या वर्षी दाखला काढताना सगळे बाकी नसल्याचं प्रमाणपत्र घेतात, फोटो काढतात आणि निघून जातात. पहिल्या वर्षी भरलेली अनामत तशीच पडून राहते. आमच्या कपाटात त्या न नेलेल्या अनामतींचं एक जाडजूड रजिस्टरच होतं. ती अर्ज केल्याशिवाय कुणी देत नाही. पहिल्या वर्षाची पावती जोडा आणि खाते क्रमांक लिहायला विसरू नका.